मालेगावचा वेढा, १८१८ : प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी मालेगावच्या भुईकोट किल्ल्याची आणि १८१८ च्या मे-जून महिन्यांत त्याला पडलेल्या वेढ्याची प्रतिकृती तयार करताना रोज संध्याकाळी वहीत लिहिलेल्या या नोंदी आहेत. कोणाला आपल्या भागातला एखादा वेढा पाटावर मांडायचा असेल, तर आमच्या चुका त्यांना फुकट मिळाव्यात, एवढ्यासाठी त्या फारशा न सावरता येथे देत आहे.

९ एप्रिल

कार्यकारिणीने ६,००० रुपये मंजूर केले. काम करणारे आम्ही चौघे, म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक असलेला मी, नववीतली दोन मुले आणि संध्याकाळी सवडीने येणारे आमचे सुतारमामा. पायासाठी आठ फूट बाय चार फुटांचे १९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आणले, ते २,६०० रुपयांना पडले, आणि खालच्या चौकटीचे लाकूड व मजुरी मिळून आणखी १,८०० गेले. पहिल्याच दिवशी मंजुरीतले दोनतृतीयांशाहून अधिक पैसे संपले.

मालेगावच का, असे कार्यकारिणीतल्या दोघांनी विचारले, कारण त्यांना डोंगरी किल्ला हवा होता. माझे म्हणणे असे की, लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या हाताखालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या याच फौजेने एप्रिल १८१८ मध्ये अंकाई, राजदेहेर आणि त्र्यंबक यांसारखे बेलाग म्हणवले जाणारे गड काही दिवसांच्या अंतराने घेतले आणि त्यानंतर सपाटीवरच्या, नदीकाठच्या या एका कोटापुढे ती जवळपास महिनाभर अडकून पडली; हे कसे घडले ते पाटावर दाखवता आले तर करण्याजोगे काम आहे. मंजुरी मिळाली, पण ‘पुढच्या वर्षी साल्हेर’ असे कबूल करून घेऊनच.

१२ एप्रिल

मापे जमवली. आतल्या कोटाची बाजू सुमारे ३५० फूट, कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर गोल बुरूज, आतला तट सुमारे ६० फूट उंच आणि १६ फूट जाड, पण वर चालायची वाट जेमतेम ६ फुटांची. त्याभोवती बाहेरचा तट, आणि या दोहोंच्या मध्ये २५ फूट खोल व १६ फूट रुंद कोरडा खंदक. नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४० च्या सुमारास हा कोट बांधला असे मानतात. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या नावाचे देऊळ आणि घंटा आहे, तेच हे नारोशंकर.

प्रमाण १:२०० ठरवले. त्यामुळे कोटाची बाजू साधारण ५३ सेंटिमीटर आणि तटाची उंची ९ सेंटिमीटर येते, बुरुजांवर चर्या (माथ्यावरचे दातेरी कठडे) कोरता येतात आणि फोटो चांगला येतो. फोटो चांगला येतो हेच कारण होते, हे आता कबूल करतो.

२१ एप्रिल

नऊ दिवसांचे काम वाया गेले. चारही बाजू, बुरूज आणि दरवाज्याची वळणे पुठ्ठ्यात उभी राहिली होती, मुलांनी दगडांचे थरसुद्धा रंगवले होते. आज मोर्चे, म्हणजे वेढा घालणाऱ्यांच्या तोफांची ठाणी, कुठे बसवायची ते आखायला घेतले आणि पाट संपला. वेढा घालणाऱ्यांचा १८ पौंडी तोफांचा मोर्चा तटापासून ५०० यार्डांवर होता. १:२०० प्रमाणात ते अंतर २ मीटर २९ सेंटिमीटर होते, त्यात कोट धरला की पावणेतीन मीटरच्या वर, आणि आमचा पाट २ मीटर ४४ सेंटिमीटरचा. मोर्चा शेजारच्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवावा लागला असता.

चूक साधी आहे. मी किल्ल्याची प्रतिकृती करत होतो, वेढ्याची नाही. वेढ्यात किल्ल्याइतकेच महत्त्व मधल्या मोकळ्या जागेला असते, आणि प्रमाण ठरवताना आधी सर्वांत लांबचा मोर्चा मोजायला हवा होता. सामानाचे ९०० रुपये बुडाले. मुले हिरमुसली, त्यांतल्या एकाने ‘सर, हा कोट मी घरी दिवाळीला लावू का?’ असे विचारले, त्याला अर्धा दिला आणि उरलेला पुठ्ठा पुढे लागेल म्हणून कपाटामागे ठेवला.

२४ एप्रिल

नवे प्रमाण १:५००. कोटाची बाजू २१ सेंटिमीटर, तट ३.७ सेंटिमीटर, खंदक दीड सेंटिमीटर खोल आणि एक सेंटिमीटर रुंद, ५०० यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर आणि ४०० यार्ड म्हणजे ७३. सगळे पाटावर बसते, कोटाला लागून असलेली पेठही बसते. कोट एवढासा दिसतो, हे मात्र खरे.

२७ एप्रिल

मालेगावला जाऊन आलो. चौघांचे जाणे-येणे आणि चहापाणी ६४० रुपये. किल्ल्यात आज शाळा भरते आणि सभोवार दाट वस्ती आहे, त्यामुळे खंदक पूर्वीच्या खोलीने सगळीकडे दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. पण तटाच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर अंगावर येणारी उंची कागदावरच्या आकड्यांतून कळत नाही, ती तेथे कळली.

दुसरे जे कळले त्याने लाज वाटली. कोट मोसम नदीच्या डाव्या तीरावर, गिरणेच्या संगमाच्या थोडा वर आहे. नदीचा डावा तीर म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येणारा. मी आखणी करताना नकळत संगमाकडे पाठ करून उभा होतो, आणि त्यामुळे पाटावर कोट नदीच्या पश्चिमेला गेला होता. प्रत्यक्षात नदी कोटाच्या पश्चिमेला आहे, ती पश्चिम बाजू आणि उत्तरेची निम्मी बाजू सांभाळते, आणि उरलेल्या अंगांना पेठ बिलगलेली आहे. पुलावर उभ्या असलेल्या सुतारमामांनी नुसते पाण्याकडे बोट दाखवून ‘सर, ते तर तिकडे चाललंय’ असे म्हटले, तेव्हा कोडे सुटले. सुदैवाने पाटावर तोवर पेन्सिलीच्या रेघाच होत्या.

३ मे

जमिनीचे चढउतार खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या थरांनी केले. पाच मिलिमीटरचा एक थर म्हणजे अडीच मीटर उंची, हा हिशेब सोयीचा पडला. त्यावर शाडूचा लेप दिला. दहा किलो शाडू ३५० रुपयांना मिळाली. दुपारी पंखा लावून गेलो आणि संध्याकाळी येऊन पाहतो तो नदीकाठापासून पेठेपर्यंत उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. शाडू आवळते हे मला गणपतीच्या कार्यशाळांमुळे माहीत होते, पण तेथे माती जाड असते आणि सावलीत वाळते. येथे पातळ थर, खाली पाणी शोषणारा पुठ्ठा आणि वर पंखा, असे तिन्ही वैरी एकत्र आले होते.

८ मे

उपाय घरच्याच बायकांकडून मिळाला. जुन्या कागदाच्या लगद्यात मेथ्यांची पूड घालून टोपल्या लिंपायची जी पद्धत आहे, तोच लगदा शाडूत निम्म्याने मिसळला, पुठ्ठ्याला आधी पातळ फेविकॉलचा हात दिला आणि पंखा बंद ठेवून ओल्या फडक्याखाली तीन दिवस वाळू दिले. एकही भेग नाही. वाचनालयात मेथीच्या लाडवांचा वास येतो, अशी मात्र वाचकांची तक्रार आहे.

१४ मे

नदी. या एका गोष्टीवर १,९०० रुपये घालवले आणि त्यातून काहीही वापरण्याजोगे निघाले नाही. मोसमच्या पात्रात एपॉक्सी रेझिन ओतायचे ठरले होते, निळसर हिरवा रंग मिसळून. पातळ थरांत ओतायचे असते हे डब्यावर लिहिलेले होते; पण दुपारचे उकळते ऊन आणि आमची घाई यांमुळे दीड किलो एकदम ओतले. वीस मिनिटांत हात लावता येणार नाही इतके ते तापले, धूर निघाला, खालचा पुठ्ठा फुगला आणि थंड झाल्यावर नदी पिवळी पडून मधोमध तडकली. कोणीही हे करू नये. दालनाच्या खिडक्या उघड्या होत्या म्हणून निभावले.

१६ मे

पिवळी नदी पटाशीने फोडून काढताना दुसरी, आणि खरे म्हणजे मोठी, चूक लक्षात आली. आज १६ मे. मॅकडॉवेलची फौज मालेगावपुढे येऊन उतरली ती याच सुमारास, आणि मे महिन्याच्या मध्यावर धरणाआधीच्या काळातली मोसम काठोकाठ निळी कशी असेल? पात्र उतरण्याजोगे होते, म्हणूनच तर पश्चिमेकडून, म्हणजे संगमेश्वरच्या बाजूने, मोर्चे लावून पुढे पात्र ओलांडून येण्याचा बेत त्यांना करता आला. नदी भरलेली असती तर वेढ्याचे चित्र वेगळे झाले असते, आणि पाऊस येण्याआधी काम उरकण्याची घाई हे त्या सगळ्या धावपळीचे एक कारण होते.

तेव्हा आता पात्रात चाळलेली वाळू, मध्ये दगडगोटे आणि दोनतीन डोहांपुरते चमचाभर उरलेले रेझिन, तेही दोन थरांत. खर्च जवळपास शून्य. आधी महिना पाहिला असता तर १,९०० रुपये वाचले असते.

१९ मे

मोर्चे बसवले आणि पुन्हा काढले. १८ मे १८१८ च्या अंधारात पहिले दोन मोर्चे बांधले गेले : १८ पौंडी दोन तोफा, एक आठ इंची उखळी तोफ (गोळा उंच उडवून आत टाकणारी) आणि दोन गरनाळा (आखूड तोफा) यांचा एक, कोटाच्या दक्षिण बाजूसाठी, आणि १२ पौंडी दोन तोफांचा दुसरा, पश्चिम बाजूसाठी, ४०० यार्डांवर. मी ‘दक्षिण बाजूसाठी’ हे शब्द वाचून पहिला मोर्चा दक्षिण तटाच्या समोर ठेवला. तो तेथे नव्हता. तटावरचे लोक आणि तोफा निकामी करायच्या असतात तेव्हा मोर्चा भिंतीच्या समोर नव्हे, तर तिच्या लांबीच्या रेषेत धरतात, म्हणजे गोळा भिंतीच्या वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडत जातो. दक्षिण तटाची रेषा दोऱ्याने पश्चिमेकडे नदीपार वाढवली, तेव्हा ९१ सेंटिमीटरवर मोर्चाला नेमकी जागा सापडली आणि दोन्ही मोर्चे एकाच तीरावर आले. फौजेचा तळ कोणत्या बाजूला होता हेही त्यातून उलगडले.

त्याच संध्याकाळी कोटातल्या शिबंदीने बाहेर पडून छापा घातला आणि तो परतवताना मुख्य इंजिनिअर लेफ्टनंट डेव्हिस मारला गेला. पहिल्या रात्रीच मापे घेणारा माणूस गेला. माझ्या मते पुढच्या अनेक गोष्टींचे मूळ येथे आहे.

२१ मे

माणसे. १:५०० मध्ये माणूस साडेतीन मिलिमीटर होतो. आधी ज्वारीचे दाणे रंगवून लावले; चार दिवसांत त्यांना टोके लागले. आता पोत ओवायचे काळे मणी कोटातल्या अरब शिपायांसाठी आणि पांढरे कंपनीच्या फौजेसाठी घेतले. रंग, ब्रश आणि मणी मिळून १,१०० रुपये.

कोटात साधारण ३५० अरब होते, त्यांत येथेच जन्मलेले मुवल्लदही. किल्ला मुळात राजेबहादूर घराण्याचा. गोपाळराव राजेबहादूर यांनी तो पेशव्यांच्या अंमलदाराकडून घेतला खरा, पण स्वतःच्याच अरब शिबंदीच्या कैदेत जाऊन पडले. समोर वेढ्याला लावता येतील असे बंदूकधारी सुमारे ९५० आणि सफरमैनेचे, म्हणजे खोदकाम-बांधकाम करणाऱ्या पथकाचे, २७० लोक. काळे मणी तटावर मांडल्यावर एका मुलाने हिशेब केला : चार बाजूंचे १,४०० फूट, माणसे ३५०, म्हणजे दर चार फुटांवर एक. आणि पांढरे मणी मोजून पाटभर पसरल्यावर तो म्हणाला, ‘सर, हे तर कमीच आहेत.’ असा प्रश्न मला नकाशा पाहून कधी पडला नव्हता. इतक्या लोकांनी चारही बाजूंनी कोट आवळणे शक्यच नव्हते, त्यामुळे पेठेकडचे अंग सुरुवातीला मोकळेच राहिले.

२५ मे

येथे दोन दिवस गेले, पण सगळ्या कामात हेच दिवस सार्थकी लागले असे वाटते. एक सेंटिमीटर रुंदीचा खंदक पाहणाऱ्याला दिसत नाही, म्हणून मी उभी मापे दुप्पट केली होती. नकाशांच्या प्रतिकृतींत असे करतात. मग मोर्चाच्या मागे डोळा ठेवून तटाकडे पाहिले तर तट ताडासारखा, आणि मोर्चापासून ताणलेला दोरा कोठेही भलत्याच जागी टेकतो. दुप्पट उंचीने दृष्टीच्या रेषा खोट्या पडतात. सगळे तट काढून खऱ्या मापाने पुन्हा कापले.

खऱ्या मापाने काय दिसते ते सांगतो. काळ्या दोऱ्याचे एक टोक मोर्चात तीन मिलिमीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला, टाचणीने रोवले आणि दुसरे टोक बाहेरच्या तटाच्या माथ्यावरून पुढे ताणले. दोरा बाहेरच्या तटाच्या माथ्याला घासून थेट आतल्या तटाच्या अंगाला जाऊन भिडतो. मधला खंदक दोऱ्याच्या पार खाली राहतो. बाहेरच्या तटाला खिंडार पाडण्यासाठी थोडी माती खरवडून काढली आणि पुन्हा पाहिले, तरी डोळ्याला खिंडारामागे थेट आतला तट दिसतो, जणू एकामागे एक दोन पायऱ्या आहेत. मध्ये पंचवीस फुटांचा खड्डा आहे, हे मोर्चावरून पाहणाऱ्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

२९ मे

पाटाच्या कडेला ठेवण्यासाठी वेगळा उभा छेद केला, १:१०० प्रमाणात, कपाटामागे ठेवलेल्या पहिल्या कोटाच्या पुठ्ठ्यातून. त्यामुळे खर्च नाही. बाहेरचा तट, ७.६ सेंटिमीटर खोल व ४.९ सेंटिमीटर रुंद खंदक आणि मागे १८ सेंटिमीटरचा आतला तट.

२९ मे १८१८ ला सुलतानढवा, म्हणजे कोटावर थेट चढाई, झाली. १८ पौंडी गोळ्यांचा तोवर तुटवडा पडला होता आणि खिंडार चढण्याजोगे झाले असे मानले गेले होते. तीन तुकड्या निघाल्या : मेजर ग्रीनहिलची खिंडाराकडे, लेफ्टनंट कर्नल स्ट्यूअर्टची पेठेवर आणि मेजर मॅकबीनची बाहेरच्या दरवाज्याकडे. खिंडाराच्या तुकडीपुढे इंजिनिअर नाट्टीस होता. तो माथ्यावर पोचला, ‘अशक्य’ अशा अर्थाचा शब्द ओरडला आणि गोळी लागून पडला. मागच्यांनी शिड्या तटावरून आत सोडल्या, आणि हातातून सुटताच त्या दिसेनाशा झाल्या.

हे वाक्य मी अनेकदा वाचले होते आणि त्यात मला लेखकाची अतिशयोक्ती वाटत असे. आज छेद वाळल्यावर मुलीने काडेपेटीतल्या काड्यांची शिडी केली. काडी चार सेंटिमीटरची, म्हणजे या प्रमाणात तेरा फुटांची शिडी. तिने ती बाहेरच्या तटाच्या माथ्यावर धरली आणि आत सोडली. टक असा बारीक आवाज झाला, आणि समोरच्या बाजूने पाहणाऱ्या आम्हा तिघांना शिडी दिसेना. ती तळाशी आडवी पडली होती आणि तिच्यावर आणखी तेवढीच शिडी उभी केली असती तरी काठापर्यंत पोचली असती इतकेच. मुलीने वाकून आत पाहिले आणि ‘मग उतरायचं कसं?’ एवढेच विचारले. नाट्टीसला माथ्यावर गेल्यावर हेच दिसले असणार. डेव्हिस पहिल्या रात्री मेला नसता आणि खंदकाची पाहणी आधी नीट झाली असती तर, असा विचार माझ्या मनात येतो; पण तो माझा तर्क आहे, फलकावर लिहायचा नाही.

खिंडारावरचे लोक परत बोलावले गेले, पेठ मात्र स्ट्यूअर्टने घेतली. हे विसरू नये म्हणून पेठेत पांढरे मणी हलवले. त्यामुळे पाटावरचा दिवस आता २९ मेची सकाळ असा पक्का झाला.

४ जून

दोन दिवस वळवाचा पाऊस. दालनाचे छत गळत नाही, पण दमटपणाने पेठेच्या घरांवर पांढरी बुरशी आली. घरे कणकेच्या खळीने चिकटवलेल्या कागदाची आहेत आणि खळीत मोरचूद घालायचा राहिला होता. जुने बुकबाइंडर तो का घालत, ते आता कळले. सगळी घरे काढून, मोरचूद घातलेल्या खळीने पुन्हा चिकटवली. दीड दिवस.

पाऊस मॅकडॉवेललाही नडणार होता. नदी चढली तर तळ एका तीरावर आणि पेठेतले लोक दुसऱ्या तीरावर अडकतील, म्हणून जूनच्या सुरुवातीला तळ मोसमच्या डाव्या तीरावर हलवला गेला आणि वेढा नाकेबंदीसारखा चालू राहिला. इकडे ३ जूनला धुळकोटला बाजीरावसाहेब कंपनीचा सेनानी माल्कम याच्या स्वाधीन झाले होते. पेशवाई संपली होती आणि मालेगावच्या तटावरून तोफा चालूच होत्या.

९ जून

एका पाटावर दोन दिवस कसे दाखवायचे, हा प्रश्न होता. अहमदनगरहून जादा तोफा आल्यावर ११ जूनला सकाळपासून उखळी तोफा आणि गरनाळांतून कुलपी (पडून फुटणाऱ्या) गोळ्यांचा मारा सुरू झाला आणि दुपार होण्याआधी कोटातली दोन दारूकोठारे उडाली. त्या धक्क्याने पूर्वेकडच्या तटाचा मोठा तुकडा पायापासून बाहेर, खंदकात, कोसळला आणि आतला भाग उघडा पडला. महिनाभर पश्चिमेकडून जे साधले नाही ते पूर्वेला आतूनच घडले.

पूर्व तटाचा तेवढा भाग काढता-घालता येईल असा केला. आधी लोहचुंबक लावले, ते पुठ्ठ्यात बसेनात आणि तुकडा सारखा पडे. मग उदबत्तीच्या काड्यांचे दोन खुंटे आणि तटात दोन भोके, हे टिकले. शेजारी कोसळलेल्या ढिगाचा वेगळा तुकडा ठेवला आहे, तो खंदकात बसतो आणि खंदक बुजतो. मुले हा तुकडा दिवसातून वीस वेळा काढतात, त्यामुळे खुंट्यांचा एक जादा जोड करून ठेवावा.

१२ जून

फलक छापून आले, ३८० रुपये. शेवटच्या फलकावर मी ‘१३ जूनला किल्ल्यावर कंपनीचे निशाण चढले; अरबांनी बिनशर्त शरणागती पत्करली’ असे लिहिले होते. रात्री पुन्हा वाचताना ‘बिनशर्त’ हा शब्द टोचला. मॅकडॉवेलला अभिप्रेत तसेच असावे. पण अरबांनी बाहेर पडण्याआधी लेखी कौल (अभयाचा कागद) मागितला, तो मॅकडॉवेलच्या मुनशीने मराठीत लिहून दिला, आणि त्यात अरबांच्या हिताचे जे असेल ते केले जाईल, अशा अर्थाचा मजकूर उतरला. पुढे वाद झाला तेव्हा कमिशनर एल्फिन्स्टनने तो कागद अरबांनी ज्या अर्थाने समजून घेतला त्याच अर्थाने पाळायचा असा निर्णय दिला. मुनशीच्या लेखणीने मॅकडॉवेलच्या मनात होते त्याहून जास्त देऊन टाकले होते. तीनशेच्या आसपास माणसे १४ जूनला बाहेरच्या दरवाज्यापुढे येऊन शस्त्रे ठेवून गेली, ती या कागदाच्या भरवशावर.

फलक पुन्हा छापायला दिला, आणखी ३८०. त्यावर आता ‘कौल घेऊन बाहेर पडले’ असे आहे.

१४ जून

वरचे ॲक्रिलिकचे झाकण आले, ३,२०० रुपये. एकूण खर्च १३,२५०. त्यांतले पहिल्या कोटाचे ९००, रेझिनचे १,९०० आणि फलकाचे ३८० मिळून ३,१८० रुपये निव्वळ चुकांचे. मंजुरीपलीकडचा खर्च मी आणि सुतारमामांनी उचलला, अर्धा कार्यकारिणी पुढच्या सभेत देणार आहे. कामाचे दिवस सदुसष्ट धरले होते त्यापेक्षा तीनच कमी लागले.

वेढ्यात कंपनीची दोनशेहून अधिक माणसे मेली अथवा जखमी झाली. तेवढे पांढरे मणी बाजूला काढून एका वाटीत ठेवले आहेत, वाटी पाटाच्या कडेला आहे आणि तिच्यावर काहीही लिहिलेले नाही. कोटातल्या मेलेल्या-जखमी माणसांचा आकडा लावता येत नसल्याने काळे मणी तटावरच आहेत.

झाकणाच्या उत्तरेकडच्या सांध्यात दोन मिलिमीटरची फट राहिली आहे, तेथून मुंग्या शिरतील. सोमवारी सिलिकॉन भरायचे. शिडी झाकणाबाहेर, छेदाशेजारी दोऱ्याने बांधून ठेवली आहे. काड्यांचा एक जादा पुडा काउंटरच्या खणात आहे.